सिरीजचा बल्ब

स्पीकर जोडलेलेच नव्हते, आणि जयमाला म्हणाली, "आता कसं छान लागलंय."

श्यामसुंदरच्या हातात मल्टिमीटरच्या दोन्ही पिना होत्या. त्याने मान वर केली. बायको नेहमीच्या वेताच्या खुर्चीत बसली होती, मान किंचित डोलत होती, आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती. ठेका बरोबर होता. गाणं खरोखरच चालू होतं, पण ते खोलीत येत नव्हतं. स्पीकरच्या जागी त्याने दोन जाडजूड रेझिस्टर जोडले होते, आणि ते तापून जळू नयेत म्हणून दुधाच्या जुन्या पातेल्यातल्या पाण्यात बुडवून ठेवले होते. घरी बनवलेल्या ॲम्प्लिफायरची परीक्षा अशीच घेतात. यंत्राने ऐन वेळी काही आगाऊपणा केला तर पाणी तापेल, स्पीकर वाचतील. तेव्हा भजनी मंडळाची ती गवळण मृदंगासकट, टाळांसकट पातेल्यात चालली होती आणि पाणी हळूहळू कोमट होत होतं. खोलीत आवाज होता तो पंख्याचा आणि समोरच्या नव्या टॉवरवर सकाळपासून चाललेल्या ड्रिलचा.

"काय म्हणालीस?" त्याने विचारलं. तिने उत्तर दिलं नाही, कारण ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती बल्बकडे बघत होती.

या बल्बचंही एक शास्त्र आहे. घरी जुळवलेलं कुठलंही यंत्र पहिल्यांदा थेट भिंतीच्या प्लगमध्ये घालायचं नसतं. मध्ये शंभर वॅटचा एक साधा बल्ब जोडायचा, सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बातून जाऊनच यंत्रात शिरते. आत कुठे शॉर्ट राहिला असेल तर सगळा जोर बल्ब स्वतःवर घेतो, भक्कन पेटतो आणि यंत्र वाचतं. आत सगळं ठाकठीक असेल तर तो क्षणभर उजळतो, मग मंद होऊन नुसती लालसर तार दाखवत बसतो. आणि गाणं मोठ्याने लावलं की एक गंमत होते. मृदंगावर जोराची थाप पडली की ॲम्प्लिफायर जास्त वीज ओढतो आणि बल्ब त्या थापेपुरता उजळतो. ही गंमत त्यानेच तिला दाखवली होती, अगदी सुरुवातीला, मोठ्या कौतुकाने. "बघ, तुझ्या गवळणीचा ठेका आता दिसतोसुद्धा." ती हसली होती. आणि आता तिची बोटं बल्बबरोबर पडत होती. बल्ब उजळला की बोट, बल्ब विझला की विसावा. कडव्याच्या शेवटी मृदंग थांबला, बल्ब मंदावला, बोटंही थांबली.

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं कुणीही म्हटलं असतं. पण श्यामसुंदरला आरसाच हवा होता, तोही दोन-तीन वेगवेगळे. महाप्याच्या ज्या कंपनीत त्याची नोकरी गेली, म्हणजे कंपनीच गेली, तिथे तो टेस्टिंगमध्ये होता, आणि एका रीडिंगवर त्याने कधी कुठला सेट नापास केला नव्हता. पिना उलट लावून बघायच्या, मीटर बदलून बघायचं, सेट थंड होऊ द्यायचा, पुन्हा मोजायचं. बरोबरीचे लोक त्याला वैतागायचे. 'श्याम्याच्या टेबलावरून सेट सुटला म्हणजे सुटला,' असं मात्र तेच म्हणायचे. आताही तो मनात पिना उलटसुलट लावू लागला. चेष्टा करत असेल. तिला चेष्टेची सवय आहे, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तिने त्याच्या आईला हसू फुटेपर्यंत छळलं होतं. किंवा त्याला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल, घाम गाळतोय बिचारा. किंवा ट्रान्सफॉर्मर बारीक गुणगुणतो गाण्याबरोबर, ते ऐकू आलं असेल. हे शेवटचं कारण मनात येताच त्याला इतकं बरं वाटलं, की तो खाली वाकला आणि ट्रान्सफॉर्मरजवळ कान नेला. गुणगुण होती. पण ती ऐकायला त्याला कान लोखंडाला टेकवावा लागला, आणि जयमाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती.

हे सगळं सुरू झालं ते लिफ्टपाशी. राजेश्वरीबाई, म्हणजे सोसायटीच्या भजनी मंडळाच्या म्होरक्या, लिफ्टपाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात साडीच्या दुकानाची एक पिशवी होती. "काका, काकूंचे टाळ हॉलमध्येच राहिलेत कधीचे. म्हटलं देऊन टाकावेत."

"शनिवारी येईलच की ती. राहू द्या तिथेच."

"नाही म्हणजे, आता स्पर्धेची प्रॅक्टिस आहे ना. ठेका जरा फास्ट घेतलाय आम्ही. काकूंना उगाच टेन्शन नको." आणि त्यांनी पिशवी त्याच्या हातात दिली, आणि लिफ्ट आलेली असूनही जिन्याने गेल्या. वाईट बाई नव्हती. जयमालाला आधी उजव्या बाजूने, मग डाव्या बाजूने, मग मधे, अशी जागा बदलून बसवून बघितलं होतं त्यांनी. श्यामसुंदरला हे सगळं माहीत होतं आणि तरी तो लिफ्टमध्ये पिशवी घेऊन उभा राहिला तेव्हा त्याला इतका राग आला, की आपला मजला येऊन गेला हे त्याला कळलं नाही. टाळ पिशवीत एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्याने ते छातीशी धरले होते. घरी आल्यावर तो म्हणाला, "हॉलमधला तो साऊंड बॉक्स फुटका आहे. त्यात माणसाला ठेका कळणार तरी कसा?" जयमालाने पिशवी बघितली. "ठेवा देवाजवळ," म्हणाली आणि कणीक मळायला गेली. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. श्यामसुंदर हा अंगणाच्या बाजूचा माणूस. त्याच्या मते अंगण खरंच वाकडं असतं, आणि ते कुणीतरी सरळ करायला हवं असतं.

कान दाखवून झाले होते. वाशीच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तिची परीक्षा घेतली होती. आवाज आला की बटण दाब. श्यामसुंदर काचेबाहेर उभा राहून बघत होता आणि बटणावरचा तिचा अंगठा कितीतरी वेळ तसाच होता. उजवा कान गेल्यात जमा आहे, डाव्यात थोडं आहे, तेही किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. कानाचं मशीन दिलं. त्यात माणसांचं बोलणं कसंबसं कळायचं, पण गाणं लावलं की नुसता पत्रा. "भांड्यांच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं हो," ती म्हणाली होती आणि मशीन डबीत गेलं. पुण्याहून जाई, त्यांची मुलगी, व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "बाबा, तुम्ही तिला ते लावायला सांगा ना. आणि पाठीमागून हाक मारून बघा एकदा, किती ऐकू येतंय ते कळेल तरी." त्यावर तो उखडला होता. बायको म्हणजे काय सेट आहे, पाठीमागून हाका मारून तपासायला? मग त्याने हा ॲम्प्लिफायर करायला घेतला. डाव्या कानात जे काही राहिलंय त्याला पुरेसा, स्वच्छ, न फाटणारा आवाज मिळाला, तर मशीनशिवाय, पत्र्याशिवाय, तिला तिचं गाणं ऐकता येईल. जाईल तेव्हा जाईल. पण जाण्याआधी तिने ते एकदा नीट, भरपूर ऐकावं. याहून जास्त काही त्याला नको होतं. हे त्याने तिलाही सांगितलं होतं, समोर बसून, सावकाश. ती म्हणाली होती, "करा. तुमचाही वेळ जाईल."

बल्बचा उजेड तिच्या गालावर ये-जा करत होता. श्यामसुंदरने मीटर खाली ठेवलं आणि तो पाणी प्यायला म्हणून उठला, आणि उठल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो खुर्चीला वळसा घालून, तिच्या पुढून, स्वयंपाकघराकडे निघालाय. मागून जवळ पडलं असतं. हे कधीपासून? तिला हाक मारायची तर तो आधी तिच्या समोर जाऊन उभा राहायचा, दिवा लावायचा, मग बोलायचा. बाथरूममधून हाक मारणं त्याने केव्हाच सोडलं होतं. टॉवेल विसरला तर ओलाच बाहेर यायचा. कुणी त्याला हे शिकवलं नव्हतं. पाय आपोआप शिकले होते, आणि पायांनी ही बातमी वर डोक्यापर्यंत पोचू दिली नव्हती. तो माठापाशी उभा राहिला. खिडकीतून खारघरची टेकडी दिसत होती, अर्धी टॉवरच्या आड गेलेली. पाणी पिऊन झालं तरी त्याने पेला खाली ठेवला नाही, कारण पेला ठेवला की परत जायचं होतं.

आणि मग त्याला घरघर आठवली. पहिल्यांदा बल्ब भक्कन पेटला होता. एका ट्रान्झिस्टरच्या खालचा अभ्रकाचा पापुद्रा फाटला होता, तो बदलला. त्यानंतर सगळं चालू झालं पण तपासायला जोडलेल्या एका जुन्या स्पीकरमधून मागे एक जाड घरघर, पाण्याची मोटर लांब कुठे चालू असावी तशी. ती काढायला त्याला अख्खा पंधरवडा लागला. अर्थिंगच्या वायरी एका जागी आणल्या, ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला, आतली वायर बदलली. प्रत्येक वेळी तो जयमालाला विचारायचा. स्वतःला ऐकू येत होतंच, पण तिला विचारायचा, मुद्दाम. घरात तिच्या कानाचा अजून उपयोग आहे हे तिला वाटायला हवं होतं.

"घरघर येतेय?"

"येतेय थोडी."

"आणि आता?"

"आहे अजून. कमी झाली."

"आता बघ."

"आता गेली."

एकदाही चुकली नव्हती. जाईला त्याने फोनवर सांगितलं होतं, त्या डॉक्टरला म्हणावं, पन्नास सायकलची, विजेची खर्जातली घरघरसुद्धा ऐकू येते तुझ्या आईला. आता माठापाशी उभं राहून त्याने ते दिवस पुन्हा बघितले, आणि या खेपेला त्याला ती त्याच्याकडे बघताना दिसली. तो विचारायचा तेव्हा ती ॲम्प्लिफायरकडे बघतच नव्हती. ती त्याच्या कपाळाकडे बघत होती. घरघर असली की त्याच्या कपाळाला आठी पडते, कमी झाली की आठी सैल होते, गेली की जाते. सगळी रीडिंगं तिने तिथून घेतली होती. मीटर तो स्वतःच होता. तो पंधरवडाभर स्वतःलाच विचारत होता आणि स्वतःचंच उत्तर तिच्या तोंडून ऐकून खूश होत होता. आपण तिच्यासाठी यंत्र बनवतोय असं त्याला वाटत होतं. ती बिचारी रोज दुपारची झोप सोडून त्याच्यासाठी येऊन बसत होती. त्याला हुंदका आला, अगदी साधा, पाणी नाकात गेल्यासारखा, आणि तो मोठ्याने आला तरी चालणार होतं हे लक्षात आल्यावर त्याला जास्तच वाईट वाटलं.

तो परत आला तेव्हा गवळण संपली होती आणि बल्ब स्वस्थ होता. तिने त्याच्याकडे बघितलं. "डोळे का लाल?"

"सोल्डरचा धूर."

"झालं ना आता सगळं?"

आत्ता सांगता आलं असतं. जयू, स्पीकर लावलेच नव्हते. चार शब्द. तिने काय केलं असतं? हसली असती. हसून, पदराने तोंड पुसून, 'मला वाटलंच' असं काहीतरी म्हणाली असती, आणि उद्यापासून दुपारची झोपली असती. तो म्हणाला, "झालंच. फक्त बल्ब काढून थेट लावायचा."

"राहू द्या की तो. छान दिसतो."

"बल्ब मधे असला की पुरता जोर मिळत नाही त्याला."

"कशाला हवाय पुरता जोर?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची. बल्ब राहू दिला असता तर काय बिघडत होतं? तो थापांना उजळला असता, ती ठेका धरून बसली असती, तो तिच्याकडे बघत बसला असता, आणि डाव्या कानाचं जे काय व्हायचं ते त्यांच्या पाठीमागे होऊन गेलं असतं. घरात बसून दोघं म्हातारे दिव्याची पूजा करतात असं लोकांना वाटलं असतं, तर वाटो. पण त्याच्या मनातून एक गोष्ट जाईना. बल्ब मधे असताना ॲम्प्लिफायर अर्ध्या जिवावर चालतो. म्हणजे तिने अजून एकदाही त्याचा पुरा आवाज ऐकलाच नव्हता. पातेल्यातलं रीडिंग धरायचं कशाला? कदाचित, पुरा जोर दिला तर, त्या डाव्या कानात कुठेतरी, तळाशी. ही आशा खोटी आहे का खरी हे मोजायचा एकच रस्ता होता, आणि मोजल्यावर ती राहील याची खात्री नव्हती. "चहा टाकतेस?" तो तिच्यासमोर जाऊन म्हणाला. ती आत गेली.

त्याने रेझिस्टर पाण्यातून काढले आणि पातेलं बाजूला सरकवलं. स्पीकरच्या वायरी लावल्या, लाल ती लाल, काळी ती काळी. प्लग काढून, बल्बचा होल्डर सोडवून, ॲम्प्लिफायरची वायर थेट भिंतीत घातली आणि बटण दाबलं. काही झालं नाही, म्हणजे सगळं ठीक झालं. घरघर नाही, सूं नाही. मोबाईलवर त्याने तीच गवळण लावली, दोन वर्षांपूर्वी राजेश्वरीबाईंनी हॉलमध्ये रेकॉर्ड केलेली, आणि आवाज वाढवत नेला. मृदंगाची थाप पडली तशी शोकेसची काच हलली. त्याच्या अंगावर काटा आला. असा आवाज त्याच्या हातून आजवर झाला नव्हता. बायका एकेक वेगळ्या ऐकू येत होत्या, कोण पुढे बसलीय, कोण श्वास घेतेय, पेटीचा भाता कुठे खरखरतोय. आणि डावीकडून जयमालाचे टाळ. तिचे टाळ पितळेचे, जुने, मालवणहून आणलेले, त्यांचा नाद तो हजारात ओळखेल. ते थापेवर पडत नव्हते. थाप पडायची, बाकीचे टाळ पडायचे, आणि मग, इतक्या किंचित उशिराने की फुटक्या साऊंड बॉक्सवर कुणाला कळलंच नसतं, तिचे. ती इतरांचे हात बघून वाजवत होती. दोन वर्षांपूर्वीच. राजेश्वरीबाईंना ते कळायला दोन वर्षं लागली होती आणि त्याला हा ॲम्प्लिफायर लागला होता. त्याने आवाज आणखी वाढवला. रागाने वाढवला, की आशेने, त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. स्वयंपाकघरातून ती बाहेर आली नाही. चहा उकळायला जितका वेळ लागतो तितका वेळ लागला, आणि मग ती कप घेऊन आली, सावकाश, बशीत चहा सांडू नये म्हणून कपाकडे बघत.

दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शर्मिलाताई असणार, त्यांची मुलगी दहावीला होती. जयमालाने कप टेबलावर ठेवले, खुर्चीत बसली, रिकाम्या होल्डरकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिचे ओठ हलले. गाणं इतकं मोठं होतं की त्याला शब्द ऐकू आले नाहीत. ते त्याने तिच्या ओठांवरून वाचले.

"काढलात शेवटी. लावा ना आता."

तो उभा होता तसाच उभा राहिला. गवळणीचं दुसरं कडवं सुरू झालं. बेल पुन्हा वाजली. ती वाट बघत होती, हात मांडीवर घेऊन, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी नीट बसून, आणि त्याच्या कपाळाकडे बघत होती. त्याने आठी पडू दिली नाही. सगळा जीव कपाळात आणून त्याने आठी पडू दिली नाही. तिला काही वाचता येईना तेव्हा ती जराशी चाळवली, उठली, स्पीकरवर दुपारची धूळ बसली होती ती पदराने पुसायला वाकली, आणि दुसरा हात आधाराला तिने लाकडावर टेकला.

तिचा हात तिथेच राहिला. दुसऱ्या हातातला पदर सुटला. बराच वेळ ती तशीच वाकून होती, मग तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"चालू आहे?"

त्याने होकाराची मान हलवली.

"कधीपासून?"

"आत्ता," तो म्हणाला, तिला दिसेल असं, ओठ नीट उघडून. "आत्ताच लावलं."

तिने त्याच्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं आणि मग ते मान्य केलं, नवऱ्याच्या बऱ्याच गोष्टी तिने आजवर मान्य केल्या होत्या तसं. ती स्पीकरशेजारी जमिनीवर बसली आणि दोन्ही तळवे लाकडावर ठेवले. डोळे मिटले. बाहेर शर्मिलाताई आता बेल सोडून दार ठोठावत होत्या, "काका! काका, अहो आवाज!" असं ओरडत होत्या. या घरात ते ऐकणारा आता तो एकटाच होता. दार उघडायचं तर आधी आवाज कमी करावा लागला असता, आणि आवाज कमी केला की तिच्या हाताखालचं गाणं थांबलं असतं. त्याने दार ठोठावू दिलं.